फॉर्मवर तिसरा रकाना आला, त्यानंतरचं काम

व्यसनमुक्ती केंद्राला फोन लावला की समोरून पहिला प्रश्न येतो, "पेशंट जेन्ट्स आहे का लेडीज?" किती पिता, किती वर्षं पिता, शेवटची कधी घेतली, हे सगळं नंतर. मी खरं सांगायचे. मग पलीकडं जरा वेळ काहीच नाही, आणि "आमच्याकडं तशी सोय नाही" किंवा "सरांना विचारून कळवतो". सरांना विचारून कुणीही कळवलं नाही. एका ठिकाणी मात्र लगेच या म्हणाले. अट एकच, केस कापून आणि पँट-शर्ट घालून यायचं. "आमच्याकडं शिस्त कडक आहे हो, सगळ्यांचंच टक्कल करतो, तुमचं एकट्याचं नाही," असं तो गृहस्थ समजूत घातल्यासारखं सांगत होता. त्याला बिचाऱ्याला काय माहीत, आमच्या जमातीत केस कापणं ही मोठ्या गुन्ह्याची शिक्षा असते. दारू सोडायला जायचं आणि दारातच शिक्षा भोगायची!

मी हिजडा आहे. गुरूच्या घरात राहते, बाजार मागत होते, म्हणजे दुकानादुकानांतून पैसे. आता ज्या केंद्रात पेशंट म्हणून गेले तिथंच पीअर म्हणून काम करते, म्हणजे नव्या पेशंटबरोबर बसायचं, त्याचं ऐकायचं, आपलं सांगायचं. अधूनमधून दुसऱ्या केंद्रांची माणसं येतात आणि अभिमानानं सांगतात, "आम्ही पण तृतीयपंथीयांना घ्यायला सुरुवात केली, फॉर्मवर रकाना टाकलाय." मी म्हणते, छान. घेतल्यावर काय करता ते सांगा. तिथं गप्प होतात.

मी कशी पीत होते ते आधी सांगते, त्याशिवाय पुढचं कळायचं नाही. सकाळी हात थरथरायचे, म्हणून एक नव्वद, निदान कुंकू तरी सरळ लागावं. मग मंगतीला. बाजारात दुकानांमागून दुकानं करायची म्हणजे तितक्या माणसांची बोलणी खायची, पोटात देशी असली की टाळी जोरात वाजते आणि बोलणं आत शिरत नाही. बधाईला गेलं, म्हणजे बाळ झालेल्या घरी आशीर्वाद द्यायला, लग्नघरी नाचलं, की पैशांबरोबर बाटली येते. नको म्हटलं तर यजमानाला राग. रात्री धंद्याला उभ्या राहणाऱ्या बहिणी तर सांगतात, शुद्धीत ते काम होतच नाही. आणि घरी आल्यावर सगळ्या मिळून बसायचं, दिवसभराचं हसायचं-रडायचं, ते ग्लासाशिवाय कधी झालंच नाही. दारू आमच्या कामाच्या हत्यारांतलीच एक होती. हे केंद्रातल्या लोकांना समजायला बराच वेळ लागला, कारण त्यांच्या तक्त्यावर 'पिण्याची कारणं' म्हणून मित्रांची संगत, घरगुती कलह, टेन्शन असलंच काही छापलेलं होतं.

तापानं पडले तेव्हा दारू आपोआप बंद झाली आणि दुसऱ्या दिवशी झटका आला. जीभ चावली, शुद्ध गेली. सरकारी दवाखान्यात नेलं, तर तिथं बाईच्या वॉर्डात नको, पुरुषाच्या वॉर्डात नको, असं करत माझी कॉट व्हरांड्यात लागली. तिथल्या तरुण डॉक्टरनं मात्र नीट समजावलं. रोज भरपूर पिणाऱ्यानं एकदम तोडली तर पहिल्या दोन दिवसांत असे झटके येऊ शकतात, तिसऱ्या दिवसाच्या आसपास भास, भ्रम होऊ शकतात, त्यात जीवही जाऊ शकतो. घरच्या घरी सोडायचा हट्ट करू नका, म्हणाला. कुठं सोडू, ते सांगायला त्याच्याकडंही काही नव्हतं.

हे 2021 मधलं. कोरोनाची दुसरी लाट नुकती ओसरली होती. एचआयव्हीच्या प्रकल्पात काम करणारी आमच्यातलीच एक कार्यकर्ती मला एका ट्रस्टच्या केंद्रात घेऊन गेली, तिथले डॉक्टर तिच्या ओळखीचे होते. केंद्र पुरुषांचं. बायकांसाठी वेगळा विभाग असलेली ठिकाणं महाराष्ट्रात मोजकीच. पुण्याच्या मुक्तांगणचा 'निशिगंध' सगळ्यांना माहीत असतो, पण आमच्या भागात तसलं काही नव्हतं. बायकांची ही गत, तर आमचं काय विचारता.

काउंटरवरच्या भाऊंनी फॉर्म पुढं केला. पु. आणि स्त्री. त्यांनी पेन 'पु.'वर ठेवला, माझ्याकडं बघितलं, पेन उचलला. शेवटी दोन्ही सोडून बाजूला समासात 'ट्रा.' असं लिहिलं. ट्रान्सफर, ट्रान्सपोर्ट, काहीही वाचा. मला हसू आलं, त्यांनाही आलं. खरी अडचण पुढच्या ओळीवर झाली. 'रक्ताच्या नातेवाइकाची सही.' माझ्या शेजारी माझी गुरू बसलेली, तोंडात तंबाखू, मांडीवर माझी पिशवी. भाऊ म्हणाले, आई-वडील, भाऊ-बहीण, कुणीतरी पाहिजे, उद्या काही बरं-वाईट झालं तर? गुरू म्हणाली, "बरं-वाईट झालं तर मातीला मीच नेणार आहे. सही पण मीच करते."

डॉक्टर बाहेर आले. त्यांनी जे सांगितलं ते मी नंतर इतक्या ठिकाणी सांगितलंय की आता पाठ झालंय. 2017 च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यात दारू आणि ड्रग्जमुळं होणारा मानसिक त्रासही येतो. सज्ञान माणूस स्वतःहून, समजून-उमजून दाखल होत असेल तर नातेवाइकाच्या सहीवाचून अडत नाही. आणि आपला प्रतिनिधी कोण हे ज्यानं-त्यानं ठरवायचं, साध्या कागदावर लिहून द्यायचं. तो रक्ताचाच हवा असं कुठंही लिहिलेलं नाही. मी वहीच्या पानावर गुरूचं नाव लिहिलं, सही केली. तिनं कबूल आहे म्हणून खाली अंगठा उठवला आणि तंबाखूचा डाग पण. त्याच कायद्यात हेही आहे की जबरदस्तीनं टक्कल करायचं नाही, आणि पेशंटला स्वतःचे कपडे घालायचे असतील तर संस्थेचा गणवेश लादायचा नाही. कायदा लागू होऊन तेव्हा तीन वर्षं झाली होती. फोनवरच्या त्या कडक शिस्तवाल्या गृहस्थापर्यंत तो पोचला नव्हता, किंवा पोचूनही कपाटात होता.

मग झडती. केंद्रात आत जाताना अंग तपासतात, कुणी मोज्यात पुडी आणतं, कुणी कमरेला क्वार्टर बांधतं. त्यात गैर काही नाही. पण तपासणारा वॉचमन पुरुष, आणि मी साडीत. तोही लाजला, मीही. शेवटी सिस्टरना बोलावलं, त्यांनी मला विचारलं, "माझ्यासमोर चालेल का?" चालेल म्हटलं. हा एक प्रश्न विचारायला पाच सेकंद लागतात. ब्लाउजमध्ये गोळ्यांची पट्टी सापडली. सगळ्यांना वाटलं, झालं, हिनं पण आणलंच. ती होती गर्भनिरोधक गोळ्यांची पट्टी.

हे जरा विस्तारानं सांगते, कारण उपचारात सगळ्यात जास्त घोळ इथंच होतो. आमच्यातल्या पुष्कळजणी डॉक्टरकडं न जाता मेडिकलमधून या गोळ्या घेतात, छाती यावी, कातडी मऊ व्हावी म्हणून. एक सांगते तीन घे, दुसरी सांगते पाच घे. मी कित्येक वर्षं घेत होते. सिस्टरनी नियमाप्रमाणं पट्टी काढून घेतली आणि कुणाला काही न सांगता कपाटात ठेवली. थरथर, घाम, उलट्या यांच्यासाठी मला गोळ्या सुरू झाल्या, थायमिनची, म्हणजे बी-1 जीवनसत्त्वाची, इंजेक्शनं झाली, त्रास किती आहे त्याचे गुण चार्टवर दर काही तासांनी लिहिले जात होते. थरथर उतरली तरी मी रात्र-रात्र रडायचे, अंगातून गरम वाफा निघायच्या. समुपदेशक ताई म्हणायच्या, ही तलफ आहे, दारू बोलतेय. मला कळत होतं ही दारू नाही, दारूची बोली मला चांगली ओळखीची आहे. पण गोळ्यांचं सांगायची लाज वाटत होती, आणि विचारत कुणी नव्हतं.

शेवटी कार्यकर्तीनं फोनवरून डॉक्टरांना सांगितलं. ते वॉर्डात आले, कॉटवर बसले, ओरडले नाहीत. म्हणाले, इतक्या वर्षांचं संप्रेरक, म्हणजे हार्मोन, एका रात्रीत तोडलं तर हे होणारच. दुसरी बाजूही सांगितली. दारूनं यकृत थकलेलं, या गोळ्यांचाही भार यकृतावरच. शिवाय असल्या गोळ्यांनी रक्तात गुठळी होण्याचा धोका वाढतो, त्यात मी बिड्या ओढणारी. रक्ताचा रिपोर्ट दाखवून म्हणाले, हे बंद कर असं मी म्हणत नाही, पण मेडिकलवाल्याच्या अंदाजानं घेऊ नको, या डॉक्टरांकडं जा, तपासून योग्य तेवढं घे. चिठ्ठी दिली. त्या दिवसापासून मी त्या केंद्राची झाले. 'ताई' म्हणून हाक मारली म्हणून नव्हे, ते तर बरंच वाटतं. माझं शरीर उपचारात मोजलं गेलं म्हणून.

कॉट मला सिस्टरच्या टेबलाजवळच्या निरीक्षणाच्या खोलीत दिली होती. बाथरूम मात्र पुरुषांचंच, आणि त्याला आतून कडी नव्हती. कारण विचाराल तर रास्त होतं, पेशंट आत पडला, झटका आला, तर दार उघडता आलं पाहिजे. पहिले काही दिवस मी पहाटे सगळे उठायच्या आत अंघोळ उरकायचे, आणि सिस्टर दाराशी खुर्ची टाकून बसायच्या. नंतर केंद्रानं बाहेरून नाण्यानं फिरवता येईल अशी कडी बसवली. सुताराचा खर्च धरून फार काही झाला नाही. ती कडी आता सगळ्याच बाथरूमांना आहे, आणि सगळ्यात खूश कोण झालं असेल तर पुरुष पेशंट. त्यांनाही उघड्या दारात अंघोळ आवडत नव्हती, फक्त कुणी बोललं नव्हतं.

गटात बसणं ही वेगळी कथा. आधी सगळे माझ्याकडं बघायचे, मग कुणीच बघायचं नाही. एक एसटीचा ड्रायव्हर होता, तो पहिल्यांदा बोलला. म्हणाला, "आमच्या पोराच्या बारशाला तुमच्यातल्या आल्या होत्या, मी पिऊन त्यांच्या अंगावर धावून गेलो होतो." पुढं काय झालं ते त्यानं सांगितलं नाही, मी विचारलं नाही. पण त्यानंतर गटात मला जागा झाली.

समुपदेशनात दोन टोकं अनुभवली. पहिल्या काही सत्रांत दारूचं कमी आणि माझ्या असण्याचंच जास्त. लहानपणी काय झालं, कुणी बिघडवलं, घरातून का निघालात. जणू मी अशी आहे म्हणून पिते आणि मी 'नीट' झाले की दारू आपोआप सुटेल. मी सत्राला जायचंच बंद केलं, तेव्हा दुसरं टोक आलं. "इथं सगळे सारखे, इथं फक्त व्यसनी." ऐकायला केवढं चांगलं! पण सगळे सारखे म्हटलं की ड्रायव्हरच्या घसरणीच्या जागा, म्हणजे जिथं पुन्हा प्यायला होतं त्या, मलाही लागू. त्याला सांगितलं, पगाराच्या दिवशी बायकोला सोबत घे, ढाब्यावर थांबू नको. मला काय सांगणार? माझा पगाराचा दिवस रोजच, आणि ढाबा म्हणजे माझं घर.

हे वळलं ते रविवारच्या कुटुंबसभेत. सगळ्यांच्या बायका, आया येतात. माझी गुरू आली, नानी म्हणजे गुरूची गुरू आली, दोन गुरुबहिणी आल्या, सगळ्या ठेवणीतल्या साड्या नेसून. बाकीच्या बायका आधी पदर सावरून सरकल्या, मग एकीनं आपलं लेकरू नानीच्या मांडीवर आशीर्वादाला दिलं आणि सभा पुढं सरकली. ताईंनी गुरूला विचारलं, "ही घरी आली की काय करायचं ठरवलंय?" गुरू म्हणाली, "काय करायचं? ती बाजार नाही केली तर घर कसं चालायचं? बधाईला बाटली नको म्हटलं तर यजमान आम्हाला परत बोलावेल का?" ताईंच्या छापील तक्त्यात याला उत्तर नव्हतं. त्यांनी तक्ता मिटला हे त्यांचं मोठेपण. मग तासभर नुसता हिशेब चालला. रात्रीच्या बधाईला मला काही महिने न्यायचं नाही, वाटा थोडा कमी. सकाळचा बाजार करायचा, जोडीला न पिणारी गुरुबहीण. बाटली मिळाली तर ती गुरूनं परस्पर विकायची, घरात आणायची नाही. घरात बसायचं तेव्हा माझ्यासाठी सरबत, आणि मला कुणी चिडवलं तर दंड. दंड हा शब्द गुरूनं काढला. जमातीचा दंड काय असतो ते आम्हाला ठाऊक, त्यामुळं ही अट बाकी कुठल्याही समुपदेशनापेक्षा भारी ठरली.

घसरणीच्या जागांचं कॅलेंडर मी ताईंबरोबर नव्यानं लिहिलं. त्यात होळी आणि 31 डिसेंबर आधीच होते. मी घातलं मार्गशीर्षातली सौंदत्तीची रांडाव पौर्णिमा. माझी एक गुरुबहीण जोगती आहे, तिच्याबरोबर आम्ही यल्लम्माला जातो, तिथं बांगड्या फुटतात, रडणं असतं, आणि परतीच्या गाडीत पिणं असतं. जमातीतली मयत घातली. माझ्या सख्ख्या भावाचं लग्न घातलं, ज्याला मला बोलावणार नाहीत हे मला माहीत होतं. पोलिसानं हटकल्याची रात्र घातली. ताईंनी वहीत उतरवून घेतलं आणि म्हणाल्या, "हे मला कॉलेजात शिकवलं नव्हतं." मी म्हटलं, मला तरी कुठं शिकवलं होतं.

एएच्या, म्हणजे दारू सोडणाऱ्यांच्या अल्कोहोलिक्स ॲनॉनिमसच्या, मीटिंगला मी बिचकत गेले. 'बंधूंनो' अशी सुरुवात झाली, तेव्हाच परत फिरावंसं वाटलं. पण एएची तिसरी परंपरा सांगते की सभासद व्हायला एकच अट, दारू सोडायची इच्छा. एका म्हाताऱ्या सभासदानं मीटिंगनंतर सगळ्यांना तीच वाचून दाखवली, माझ्याकडं न बघता. पुढच्या खेपेला सुरुवात 'मित्रांनो' अशी झाली.

केंद्रात कामाला लागल्यावर हे सगळं लिहून काढायचं ठरलं. ट्रस्टींची बैठक झाली, पहिला प्रश्न अपेक्षित होता. बाकीचे पेशंट बिथरणार नाहीत ना? डॉक्टरांनी एका सरकारी अहवालाचे आकडे दाखवले. सामाजिक न्याय मंत्रालयासाठी दिल्लीच्या एम्सनं 2019 मध्ये केलेला. दारू पिणारे पुरुष 27.3 टक्के, स्त्रिया 1.6 टक्के. मी बसल्या-बसल्या विचार करत होते, आमच्या घरी कुणी विचारायला आलं असतं तर मला कुठल्या टक्क्यात धरलं असतं? 2011 च्या जनगणनेत 'इतर' म्हणून महाराष्ट्रात 40,891 जण मोजले गेले. ज्यांनी कुटुंबाच्या भीतीनं 'पु.' किंवा 'स्त्री' सांगितलं ते त्यात नाहीत. दुसरा प्रश्न आला, कलेक्टर ऑफिसचं ओळखपत्र असेल त्यांनाच घ्यायचं का? तृतीयपंथीयांसाठीच्या 2019 च्या कायद्यात ते ओळखपत्र आहे, ठीक आहे, पण त्याच कायद्यात आरोग्यसेवेत भेदभाव करायचा नाही असंही आहे. थरथरणाऱ्या माणसाला आधी कलेक्टरकडं पाठवणार का, असं डॉक्टरांनी विचारलं आणि तो मुद्दा संपला.

फॉर्म बदलायला एक दुपार पुरली. कागदावरचं नाव आणि हाक मारायचं नाव वेगळं. लिंगाचा रकाना मोकळा, ज्याला जे लिहायचं ते. 'नातेवाईक' खोडून 'तुमचा माणूस'. औषधांच्या ओळीत संप्रेरकाच्या गोळ्या, इंजेक्शनं, झालेली किंवा ठरलेली शस्त्रक्रिया, आणि ही ओळ प्रत्येक पेशंटला विचारायची, फक्त आमच्यासारख्यांना नाही. शस्त्रक्रियेचं का, तर नॅलट्रेक्सोन, म्हणजे तलफ कमी करणारी गोळी, चालू असेल तर वेदनेवरची काही औषधं लागू पडत नाहीत, ते आधी थांबवावं लागतं. रक्ताच्या चिठ्ठीवर आमचं नाव आलं की कुणीतरी आपोआप एचआयव्ही लिहायचं, तेही बंद केलं. एचआयव्हीचा 2017 चा कायदा सांगतो, माणसाला विचारून, समजावूनच तपासणी. विचारलं तर आमच्यातल्या बहुतेक हो म्हणतात.

माणसं बदलायला मात्र दुपार पुरत नाही. बाहेरच्या वक्त्याचं भाषण ठेवलं होतं, छान झालं, सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या आणि वॉचमन दुसऱ्या दिवशी पुन्हा "ए, तिकडं" म्हणाला. मग मी त्याला पेशंट केलं. मी वॉचमन झाले, खुर्चीत बसले, त्याची झडती घेतली, त्याचं नाव मुद्दाम चुकीचं घेत राहिले. आधी हसला, नंतर चिडला. आता नव्या पोरांना तोच शिकवतो. स्वयंपाकाच्या मावशींना काही शिकवावं लागलं नाही, त्यांनी पहिल्याच दिवशी विचारलं होतं, "भाकरी चालते न्हवं?"

अवघड गेलं ते एका मुलाचं. जन्मानं मुलगी, पण त्याचं नाव, कपडे, चालणं मुलाचं. कफ सिरप आणि 'बटन' म्हणजे झोपेच्या गोळ्यांचं व्यसन. घरच्यांनी गाडीत घालून आणलं आणि डॉक्टरांना सांगितलं, "गोळ्या पण सोडवा आणि हे खूळ पण सोडवा." डॉक्टर म्हणाले, पहिलं आम्ही करतो. दुसरं आजारच नाही, आणि ते 'सोडवायचा' प्रयत्न करणं म्हणजे डॉक्टरनं व्यवसायाच्या नीतीविरुद्ध वागणं, असं 2022 मध्ये राष्ट्रीय वैद्यकीय आयोगानं सांगून ठेवलंय. वडील उठून निघाले. मुलगा उठला नाही. "मला राहायचंय," म्हणाला. सज्ञान होता, राहिला.

आमची सगळी तयारी माझ्यासारख्यांची होती, त्याच्यासारख्यांची नव्हती. 'बटन' एकदम तोडता येत नाहीत, मात्रा हळूहळू उतरवावी लागते, म्हणजे मुक्काम लांबणार. छातीला आवळून कापड बांधायचा, झोपेच्या औषधावर तसंच झोपायचा. श्वासाचं काय, म्हणून रात्री ते काढायला सिस्टरनी त्याला मनवलं, आणि त्या बदल्यात रात्री त्याच्या खोलीत फक्त त्याच जातील असं वचन दिलं. पाळी आली तेव्हा पुरुषांच्या केंद्रात पॅड नाही, टाकायला झाकणाची बादली नाही. तो दोन दिवस कुणाला बोलला नाही. मलाही सुचलं नव्हतं, मला कुठली पाळी! आता प्रत्येक बाथरूममध्ये झाकणाची बादली असते आणि कपाटात पॅड असतात. तो कुठं झोपणार, पुरुषांत का वेगळं, हे त्यालाच विचारलं. तो म्हणाला, दिवसा सगळ्यांत, रात्री एकटा. तसंच केलं. वडील पुढं कुटुंबसभेला एकदा आले, मागच्या रांगेत बसले, बोलले नाहीत.

सगळं जमलंय असं समजू नका. मुक्कामानंतरचं काय, हा प्रश्न जसाच्या तसा आहे. महिना-दीड महिना आत राहून बरी झालेली पोर परत त्याच स्टेशनवर, त्याच गल्लीत जाते. कामाचं म्हणाल तर आमच्यातल्या दोघींना कॅन्टीनमध्ये घ्यायचा प्रयत्न केला, एक टिकली. माझी गुरू नशिबानं ऐकणारी निघाली. तिनं घरातली मागची खोली कोरडी, म्हणजे बिनदारूची, ठेवली, किल्ली नानीकडं असते आणि नानी कुणाच्या बापाला भीत नाही. दुसऱ्या घरांत हे होत नाही. दोन गुरूंनी तर चेल्यांना उपचार अर्धवट सोडून परत नेलं, हप्ता बुडतो म्हणून, आणि त्यांच्यावर रागावून उपयोग नाही, त्यांचंही भाडं थकलेलं असतं.

म्हणून आता केंद्राजवळ भाड्याची जागा घ्यायचं चाललंय, बाहेर पडल्यावर काही महिने राहता येईल अशी. ट्रस्टींनी प्रस्ताव मागितलाय. खाटा किती लिहायच्या यावरून माझं आणि ताईंचं भांडण चालू आहे. त्या म्हणतात चारपासून सुरुवात करू. मी म्हणते आठ लिहा, मंजूर चारच होणार आहेत.